बांधकाम व्यवस्थापनाचं परदेशी मास्टर्स: पिंपळगावच्या मुलीला एका जुन्या इंजिनिअरचं उत्तर

तुझा प्रश्न लांबलचक होता. त्याचं सार असं: तू २०२३ला नाशिकमधूनच सिव्हिलची बीई झालीस. वर्षभर गंगापूर रोडच्या एका बिल्डरकडे स्लॅब ओतलेस आणि आता सिंहस्थासाठी चाललेल्या एका रस्त्याच्या कामावर ठेकेदाराकडे साईट इंजिनिअर आहेस. इंग्लंडमधून ‘इंटरनॅशनल कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड इंजिनिअरिंग’च्या एमएस्सीची ऑफर आली आहे. कॉलेज रोडवरचा कन्सल्टंट म्हणतो, ३५ लाखांत सगळं बसतं. वडील पिंपळगाव बसवंतजवळची द्राक्षबाग गहाण ठेवायला तयार आहेत. जाऊ का, आणि तिथे असं काय शिकवतात जे साईटवर शिकता येत नाही, असं तू विचारलं आहेस.

दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो. तो सुटला की पहिल्याचं बरंचसं उत्तर तुझं तूच देशील.

मी या धंद्यात २९ वर्षं आहे. सुरुवातीची इथेच गेली, मग ओमान, नंतर कतार. आता नाशकात बसून ठेकेदारांचे क्लेम तयार करून देतो. मधे चौतिसाव्या वर्षी, दोन लेकरं आणि घराचा हप्ता डोक्यावर असताना, नोकरी सोडून अशाच कोर्सला गेलो होतो. का गेलो ते सांगतो.

ओमानमध्ये मस्कतपासून दोनेक तासांवर रस्त्याचं आणि दोन पुलांचं काम होतं. मी ठेकेदाराच्या बाजूला, प्लॅनिंगमध्ये. एका पुलाच्या पायातून पाण्याची मोठी लाईन जात होती आणि ती हलवून देणं मालकाच्या, म्हणजे काम देणाऱ्याच्या, वाट्याला होतं. लाईन काही हलेना. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर आपल्याकडचाच, स्वभावाने फार गोड. मालकाच्या वतीने साईटवर देखरेख करणाऱ्या रेसिडेंट इंजिनिअरबरोबर रोज चहा. ‘करून घेऊ, मुदतवाढ कुठे पळून जातेय’ असं तोंडी चाललेलं. मी एकदा पत्राचा मसुदा घेऊन गेलो तर म्हणाला, ‘अरे, पत्र दिलं की संबंध बिघडतात.’ पहिलं पत्र गेलं ते एकेचाळिसाव्या दिवशी. लाईन हलायला अकरा आठवडे लागले. त्याच चहावाल्या रेसिडेंट इंजिनिअरने दोन ओळींचं उत्तर पाठवलं: कलम २०.१ प्रमाणे २८ दिवसांत सूचना दिलेली नाही, सबब दावा विचारात घेता येत नाही. त्यात राग नव्हता की आकस नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने मला चहाही पाजला. कंपनीला मात्र अकरा आठवड्यांचा दंड बसला, आणि क्रेन, कॅम्प, पगार यांचा खर्च अंगावर आला तो वेगळाच.

ते कलम होतं फिडिकचं. फिडिक ही सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, १९१३ सालची. तिच्या नमुना-करारांचं लाल पुस्तक १९५७ साली आलं. १९९९ला सगळा संच नव्याने निघाला: आराखडा मालकाचा असेल तर लाल, ठेकेदाराचा असेल तर पिवळं, आणि सगळंच ठेकेदाराने करून शेवटी किल्ली हातात द्यायची असेल तर चंदेरी. २०१७ला दुसरी आवृत्ती आली. तिने २८ दिवसांचं बंधन ठेकेदाराबरोबर मालकावरही घातलं. जागतिक बँकेच्या किंवा जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जावरची मोठी कामं याच पायावरच्या करारांनी चालतात. अटल सेतूला जायकाचंच कर्ज होतं. तेव्हा हे परदेशातलं काहीतरी आहे असं समजू नकोस. ते न्हावा-शेव्यापर्यंत येऊन पोचलं आहे.

तू म्हणशील, एवढंच असेल तर कलम वाचलं की झालं, त्यासाठी मास्टर्स कशाला? खरी गंमत पुढे आहे. हेच कलम भारतात आणलं की आपला १८७२चा करार कायदा आडवा येतो. त्याच्या कलम २८मध्ये १९९७ला दुरुस्ती झाली. ठरावीक मुदत संपली की हक्कच बुडेल अशी अट आता त्या कलमाने रद्दबातल ठरते. मग फिडिकची २८ दिवसांची अट इथे टिकते का? ती हक्क बुडवते, की हक्क जन्माला येण्याआधीची नुसती एक पायरी आहे? वकील दोन्ही बाजूंनी भांडतात. इंग्लंडमध्ये अशी अट स्पष्ट शब्दांत लिहिली असेल तर न्यायालय सहसा ती लागू करतं. आखाती देशांत करार सद्भावनेने पाळण्याचं तत्त्व कायद्यातच लिहिलेलं आहे, तिथे वाद तिसऱ्याच वळणाने जातो. कागद एकच, वाक्यही तेच, पण मस्कत, लंडन आणि मुंबई तिन्हीकडे त्याचं वजन वेगळं. कोर्सच्या नावातला ‘इंटरनॅशनल’ म्हणजे माझ्या मते हे. वर्गात चौदा देशांची पोरं बसतात म्हणून नव्हे. तसा फोटो माहितीपत्रकात असतोच.

हे साईटवर शिकता येत नाही, याचं कारण साईट एका वेळी एकच करार दाखवते. आपल्या पीडब्ल्यूडीच्या बी-१, बी-२ नमुन्याच्या करारावर वाढलेल्या माणसाला एमबी (मोजमापाची वही) लिहिता येते, आरए बिल (चालू कामाचं बिल) काढता येतं, परिमाण वाढलं की अडतीसाव्या कलमाचा दर मागता येतो. हे कौशल्य कमी नाही, मी त्याच्यावरच जगलो. पण त्या माणसाला वाटतं की जगात सगळीकडे असंच असतं.

हिंड्रन्स रजिस्टरचंच बघ, म्हणजे कामात आलेल्या अडचणी लिहायच्या वहीचं. आपल्याकडेही ते असतं. किती साईटवर ते त्या त्या दिवशी भरतात? बहुतेकदा शेवटचं बिल अडकलं की एका रात्रीत, एकाच पेनाने, दोन वर्षांच्या अडचणी लिहून काढतात. माझ्याकडे आलेल्या एका रजिस्टरात ओझरच्या बाजूला जानेवारीत नऊ दिवस मुसळधार पाऊस पडला होता.

आता विलंबाचं विश्लेषण. कोर्समधला हा सगळ्यात कसदार भाग, आणि यासाठीच मी पैसे मोजले असं आजही म्हणेन. क्रिटिकल पाथ, म्हणजे जिच्यातलं एक काम लांबलं की सगळा प्रकल्प लांबतो अशी कामांची साखळी, तुला बीईला शिकवलेला आहे: १९५७च्या सुमारास ड्युपाँट कंपनीत जन्मलेली पद्धत, आणि तिची बहीण पर्ट, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ला बनलेली. परीक्षेत आपण वर्तुळं काढून उत्तर लिहितो आणि विसरतो. साईटवर एमएसपी या सॉफ्टवेअरमधून काढलेला बार चार्ट भिंतीला चिकटतो आणि तिथेच पिवळा पडतो. पण समज, तुझ्या रस्त्यावर महावितरणचे खांब हलायला ३० दिवस उशीर झाला आणि त्यातल्याच २० दिवसांत तुझ्या ठेकेदाराचा आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट बंद होता. मुदतवाढ किती दिवसांची? पैसे किती दिवसांचे? खांब त्या दिवशी क्रिटिकल पाथवर होते का, की तेव्हा मोरीचं काम मागे पडलं होतं आणि खांब हलले असते तरी काही फरक पडला नसता? ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने यावर २००२ला एक प्रोटोकॉल काढला आणि २०१७ला सुधारला. त्याचा साधारण रोख असा की दोन्हीकडचा उशीर खरोखर एकाच वेळी एकमेकांवर पडला असेल तर ठेकेदाराला वेळ मिळावा. त्या काळातला जादा खर्च मात्र, मालकाच्या चुकीचा तेवढा वेगळा काढून दाखवता आला तरच. हे वाक्य वाचायला सोपं आहे. दोन वर्षांच्या कामाचं दर महिन्याचं प्रोग्रॅम अपडेट घेऊन ते सिद्ध करायला बसलीस की तीन आठवडे जातात. चांगल्या कोर्समध्ये हे तुझ्याकडून करून घेतात.

आणि तू बसली आहेस ती जागा किती सोन्याची आहे, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. सिंहस्थाची तारीख सरकत नाही. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला. जगात अशी कामं थोडी, जिथे मुदतवाढ कागदावर मिळाली तरी उपयोग नाही. मग काय होतं? मालक तोंडी सांगतो, रात्रपाळी लावा. ठेकेदार लावतो. दिवे, जनरेटर, दुप्पट मजुरी, दोन मुकादम. उशीर मालकाच्या जागा-ताब्यामुळे झालेला असेल, मुदतवाढ मागूनही मिळाली नसेल आणि तरी वेळेत संपवायचा दट्ट्या असेल, तर त्या रात्रपाळीचे पैसे कोणाचे? इंग्रजी कायद्याच्या जगात यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. तुझा प्रबंधाचा विषय द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर तयार होतोय आणि तू इंग्लंडला विषय शोधायला निघाली आहेस!

पनामा कालव्याचं उदाहरण देतो, आपल्या काळ्या दगडाशी नातं सांगणारं आहे म्हणून. २००९ला कालव्याच्या नव्या लॉकचं (जहाजं वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांचं) काम एका स्पॅनिश नेतृत्वाच्या गटाने साधारण ३.१२ अब्ज डॉलरला घेतलं. दोन नंबरच्या निविदेपेक्षा तब्बल एक अब्जाने खाली. वाद पेटला तो मुख्यतः बेसाल्टवर. पॅसिफिककडच्या खोदाईतून निघणाऱ्या बेसाल्टची खडी वापरायची होती. ठेकेदार म्हणाला, दगड मालकाच्या माहितीत होता तसा नाही, क्रशरमधून भुकटीच फार निघते. २०१४च्या फेब्रुवारीत काम थांबलं. काम २०१६च्या जूनमध्ये पुरं झालं, दावे त्यानंतरही वर्षानुवर्षं चालले. करारातच नेमलेल्या वाद-मंडळाने ठेकेदाराला मान्य केलेली मोठी रक्कम २०२०ला लवादाने फिरवली. क्रशरवर उभं राहून भुकटी मोजणाऱ्या नाशिकच्या इंजिनिअरला हा दावा कोणत्याही वकिलापेक्षा लवकर कळेल. कोर्सच्या नावातलं ‘इंजिनिअरिंग’ आहे ते याचसाठी.

आता निवड. ऑफर कोणत्या विद्यापीठाची ते तू लिहिलं नाहीस, ते बरंच केलंस. रँकिंग बाजूला ठेव आणि विषयांची यादी उघड. करार आणि वाद निवारण, प्लॅनिंग व विलंब, खर्च आणि अर्थपुरवठा, जोखीम, बिम (इमारतीचं संगणकावरचं माहितीसह मॉडेल), आणि एखाद-दोन खरे तांत्रिक विषय असायला हवेत. लीड्समध्ये याच नावाचा कोर्स आहे. रेडिंग, लंडनचं यूसीएल, हेरियट-वॉट, लफबरो ही या क्षेत्रातली जुनी नावं. ‘लीडरशिप’, ‘सस्टेनेबल थिंकिंग’, ‘ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह’ असेच विषय जास्त दिसले तर तो एमबीएचा हेल्मेट घातलेला भाऊ समज. त्यासाठी बाग नको.

एक खोच मात्र कन्सल्टंट कधी सांगत नाही. ‘हा कोर्स चार्टर्ड इंजिनिअरसाठी (ब्रिटनमधली इंजिनिअरची व्यावसायिक पदवी) मान्यताप्राप्त आहे’ असं पानावर लिहिलेलं असतं. खरं आहे, पण ती मान्यता बहुधा पुढच्या शिक्षणापुरती. आधीची बीई मान्य असेल तर. इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी एकमेकांना मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ला सामील झाला, पण त्यात एनबीए या आपल्या मान्यता मंडळाने टियर-१ म्हणून मान्य केलेले अभ्यासक्रमच बसतात, आणि विद्यापीठाला संलग्न असलेली आपली बरीचशी कॉलेजं टियर-२मध्ये येतात. तू पास झालीस त्या वर्षी तुझ्या शाखेला काय होतं, ते कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार. टियर-२ असेल तर रस्ता बंद नाही, चार्टर्ड पदवी देणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून शैक्षणिक मूल्यमापन करून घ्यावं लागतं. खर्चाच्या आणि कराराच्या बाजूला जायचं असेल तर आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या ब्रिटिश संस्थेची मान्यता बघ. तिथे मान्य पदवीनंतर साधारण दोन वर्षांचं नोंदी ठेवून केलेलं काम आणि मग मुलाखत असा मार्ग आहे. आखातात आरआयसीएसच्या अक्षरांना चांगला भाव आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पैशाचं. ३५ लाख ही फक्त फी आहे. फी ३० हजार पौंड आणि राहणं-खाणं काटकसरीने १२ हजार पौंड धर. पौंड ११५ रुपयांना पकडला तरी ४८ लाख होतात. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ६५ हजारांच्या आसपास हप्ता, आणि शिकताना साठलेलं व्याज वर. व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. हा २८चा आकडा तुझा पिच्छा सोडणार नाही!

आणि बाग. बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला नाखूष असतात, कारण तिला सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा) लागू होत नाही आणि वसुली जड जाते. त्यांना बिगरशेती प्लॉट किंवा घर हवं असतं. म्हणजे ‘बाग गहाण ठेवतो’ याचा व्यवहारात अर्थ बऱ्याचदा पतसंस्था नाहीतर ओळखीचा सावकार असा होतो. ते करू नका. वडिलांना माझं नाव सांगून सांग हवं तर. एका गारपिटीत बागेचं उत्पन्न शून्यावर येतं आणि हप्ता मात्र गारपीट बघत नाही. बँकेत बिगरशेती तारण देता येत नसेल तर हा बेत आत्ता नको, इतकं मी स्पष्ट म्हणतो.

नोकरीचं गणित कोर्सआधी कर. इंग्लंडमध्ये शिक्षणानंतर राहण्याचा व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. म्हणजे तू येत्या सप्टेंबरला गेलीस काय किंवा २०२७ला, फरक नाही. त्यानंतर कंपनीने स्पॉन्सर करायचं तर २०२५च्या जुलैपासून पगाराची रेषा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. नव्या पदवीधराला सवलतीने ३३,४००. नवख्या प्लॅनरचा पगार या सवलतीच्या रेषेच्याच आसपास घोटाळतो. ज्याच्याकडे दोन-तीन वर्षांचं साईटचं काम आणि त्याच्या नोंदी असतात तो ती ओलांडतो, बीईवरून थेट आलेला अडकतो. माझ्या वर्गातही असंच झालं होतं, तेव्हा नियम निराळे होते तरी.

दुसरे पर्याय थोडक्यात. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला याच धाटणीचं दोन वर्षांचं मास्टर्स आहे, दर्जेदार आणि अवघड. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण एपीएस प्रमाणपत्र (आपल्या पदवीच्या कागदांची जर्मन पडताळणी) आणि खर्चासाठी अडकवून ठेवायच्या ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, आणि जर्मन साईट जर्मनमध्येच बोलते. बी-२ या पातळीपर्यंत जर्मन येत नसेल तर पदवी हातात आणि काम गोदामात अशी गत होते. इथे गेट देऊन आयआयटी दिल्ली किंवा मद्रास, नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय, अहमदाबादचं सेप्ट, पुण्याचं निकमार हे सगळे खरे पर्याय आहेत. आयआयटीतून याच विषयात एमटेक होऊन आखातात किंवा जायकाच्या कामावर गेलेली माणसं मी माझ्या वरच्या खुर्चीत बसलेली पाहिली आहेत. कर्ज न काढता.

तेव्हा माझं मत असं. जा, पण या सप्टेंबरला नको. विद्यापीठाला मेल लिहून ऑफर एका वर्षाने पुढे ढकलून माग. बरीच विद्यापीठं देतात. हे रस्त्याचं काम सोडून मधेच उठू नकोस. ज्याने काम सुरुवातीपासून शेवटच्या बिलापर्यंत पाहिलं आहे आणि ज्याने फक्त मधले आठ महिने साईट पाहिली आहे, त्यांच्यातला फरक मुलाखतीत पाच मिनिटांत कळतो.

दरम्यान हे कर. ठेकेदाराकडून कराराची पूर्ण प्रत माग; ‘तुला काय करायचंय’ म्हणतील, तरी माग. नाहीच दिली तर निविदेचे कागद महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावर असतात. मुदतवाढीचं कलम, दंडाचं कलम, जागेच्या ताब्याचं कलम शोध आणि शेजारी फिडिक ठेवून वाच. रोज संध्याकाळी साईट डायरीत मजूर किती, यंत्रं कोणती, काय अडलं, कोणी काय सांगितलं, फोटो तारखेसह. कंपनीचे कागद बाहेर नेऊ नकोस, नाव उघड करू नकोस. तुझं निरीक्षण तुझं आहे. सहा महिने असं लिहून झालं की मला दहा पानं पाठव, मी लाल पेनाने परत करीन.

आणि तू शेवटी लिहिलंस की साहेबांनी परवा रात्रपाळी लावायला फोनवर सांगितलं. त्या फोनची नोंद कुठे आहे? नसेल तर उद्या सकाळी साईट ऑफिसला पोचल्यावर, चहाच्या आधी, तुझ्या मॅनेजरकडून चार ओळींची मेल पाठवून घे: ‘काल अमुक वाजता आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार आज रात्रीपासून दुसरी पाळी सुरू करत आहोत; त्याच्या खर्चाबाबतचा आमचा हक्क राखून ठेवत आहोत.’ मॅनेजर म्हणेल, साहेब चिडतील. चिडू देत. दुपारी त्यांना घेऊन मिसळ खायला जा.